बटण नंबर दोनशे एकतीस

ही गोष्ट खरी आहे.

तसं मानायला माझ्याकडे एकच कारण आहे, पण ते भक्कम आहे. ती मला माझ्या साडूने सांगितली, आणि त्याच्या अंगात कल्पनाशक्तीचा थेंबही नाही. लग्नाच्या अल्बममध्ये ज्याने प्रत्येक फोटोखाली तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याचा मॉडेल नंबर लिहून ठेवलाय, तो माणूस भुतं रचू शकत नाही. शिवाय रचलेल्या गोष्टीत माणूस स्वतःला जरा बरा दाखवतो. याने दाखवलेलं नाही.

सासरी त्याला सगळे वायरमन म्हणतात. खरं तर तो नेटवर्क इंजिनियर. पण लग्नानंतर पहिल्याच मुक्कामात सासूबाईंनी त्याला बंद पडलेला पंखा दाखवला, त्याने तो चालू करून दिला, आणि तिथून पुढे त्याच्या पदवीला घरात काही अर्थ उरला नाही.

तर, रविवार होता.

रात्र नव्हती. हे आधीच सांगतो, कारण असलं काही रात्रीच घडतं अशी आपली समजूत असते आणि दिवसा आपण निर्धास्त असतो. रविवारची दुपार. एक वाजून दहा मिनिटं. खालच्या चष्म्याच्या दुकानाचं शटर बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि तिसऱ्या मजल्यावर वायरमनचं ऑफिस चालू. ते कधीच बंद नसायचं. त्यांचा धंदाच तसला होता.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात ते एक बटण घालायचे. पडलं, घाबरलं, छातीत दुखलं, की दाबायचं. बटणावरचा बारीक दिवा हिरवा झाला की समजायचं, निरोप पोचला. मग ऑफिसातून घरच्या फोनवर फोन यायचा. उचलला नाही तर गाडी निघायची. बटणात बोलायची सोय नव्हती. नुसतं बटण आणि दिवा.

अशी चारशे बारा बटणं होती. अठ्ठ्याऐंशी नंबरचं वायरमनच्या आईच्या गळ्यात होतं. त्याने स्वतःच घातलं होतं. आई दहा मिनिटांच्या अंतरावर एकटी राहायची आणि मुलाच्या घरी यायला तयार नव्हती. "तुझ्याकडे आले तर मी पाहुणी. इथे मी मालकीण," म्हणायची. मग वायरमन तरी काय करणार? बटण घातलं आणि सुटलो म्हणाला.

आता थोडं एका कार्डाबद्दल सांगावं लागेल. कंटाळू नका, भीती तिथेच आहे.

बटणं आणि ऑफिसातला मुख्य कॉम्प्युटर यांचं दिवसभर एक बोलणं चाललेलं असतं. बटण विचारतं, आहेस का? कॉम्प्युटर म्हणतो, आहे. बटण म्हणतं, हे घे. कॉम्प्युटर म्हणतो, पोचलं. मधेच एखादा तुकडा हरवला तर म्हणतो, परत सांग. चारशे बारा बटणं, आणि दर अर्ध्या मिनिटाला चौकशी. बिचाऱ्याचा सगळा दिवस 'आहे, आहे, पोचलं, पोचलं' करण्यात जायचा आणि खरं काम तुंबायचं.

म्हणून नवीन नेटवर्क कार्ड आलं. तळहाताएवढं. कॉम्प्युटरच्या पाठीत बसायचं आणि स्वतःचा छोटा मेंदू बाळगायचं. नेटवर्कवरचं सगळं बोलणं ते परस्पर उरकायचं आणि आत फक्त कामाचं तेवढं द्यायचं. मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर बसलेल्या शिपायासारखं. साहेब आहेत का? आहेत. अर्ज दिला हं. मिळाला. साहेब आत काय करतायत, हे बाहेरच्याला कळायचं कारण नाही.

आधी हिरवा दिवा लागायला चार सेकंद लागायचे. ऑपरेटरच्या स्क्रीनवर नाव उमटलं की मगच कॉम्प्युटर 'पोचलं' म्हणायचा. चार सेकंदांत म्हातारी माणसं घाबरायची, पुन्हा पुन्हा दाबायची. वायरमनचे साहेब म्हणाले, "हे कमी कर."

वायरमनने सेटिंगमध्ये एक खूण केली.

बस. एक खूण. यापुढे 'पोचलं'सुद्धा कार्डच म्हणणार. दिवा बोटाखालीच हिरवा. साहेबांनी मीटिंगमध्ये त्याचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या.

कॉम्प्युटर जिवंत आहे का, हे तपासणारा एक पहारेकरी प्रोग्रॅमही होता. तोही दर मिनिटाला विचारायचा, आहेस का? त्यालाही आता कार्डच सांगायचं, आहे. हे वायरमनच्या लक्षात आलं नाही. लक्षात यायला हवं होतं. त्याचाच तो धंदा.

त्या रविवारी ऑफिसात दोघंच. वायरमन आणि फोनवर बसणाऱ्या वहिनी. त्यांचा नवरा पूर्वी तिथे होता म्हणून त्या सगळ्यांच्या वहिनी, आणि म्हणून सगळे पुरुष त्यांचे भावजी. साहेबसुद्धा.

"आज फार शांत आहे हो, भावजी," वहिनी म्हणाल्या.

"चांगलंय की."

"चांगलं कसलं. घड्याळवाल्या आजोबांनी वेळ नाही विचारली."

हे एक आजोबा होते. त्यांना दिसायचं कमी. दुपारी झोपून उठले की किती वाजले ते विचारायला बटण दाबायचे. त्यांना शंभरदा समजावून झालं होतं. शेवटी वहिनी नुसती वेळ सांगायला लागल्या.

अडीच वाजले.

रविवारी दुपारी वीसेक बटणं तरी उगाच दाबली जायची. कुणी कुशीवर वळताना, कुणाचा नातू खेळताना. त्या दिवशी एक वाजून दहानंतर एकही नाही.

एकही नाही…

वायरमनने स्क्रीनवर बघितलं. चारशे बारा बटणं जोडलेली. सगळी हिरवी. त्याने कॉम्प्युटरला विचारलं, आहेस का?

आहे.

पुन्हा विचारलं.

आहे.

तो उठून मशीनच्या खोलीत गेला. छोटी, बिनखिडकीची, फ्रीजसारखी गार खोली. पंख्यांची घरघर चालू होती. मुख्य कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर घड्याळ होतं. एक वाजून दहा.

वायरमनने मनगटावर बघितलं. दोन चाळीस.

अशा वेळी ही माणसं एक गोष्ट करतात. कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबतात. दिवा लागला तर मशीन नुसतं अडलंय. नाही लागला तर मेलंय.

त्याने दाबलं.

दिवा लागला नाही.

पुन्हा दाबलं… नाही.

कॉम्प्युटर दीड तास मेलेला होता. आणि त्याच्या पाठीत बसलेल्या कार्डाचा बारीक दिवा लुकलुकत होता. अगदी मजेत. बोलणं चालू होतं. आहे, आहे. पोचलं, पोचलं.

 वायरमनने लॅपटॉप सरळ कार्डाला जोडला. आत द्यायचे राहून गेलेले निरोप कार्डाने शहाण्यासारखे जपून ठेवले होते. आजोबा, चार वेळा. कुणी एक काकू, एकदा. आणखी एकदोन.

आणि बटण नंबर दोनशे एकतीस.

एक सतराला पहिल्यांदा. मग दोन मिनिटांनी. मग एका मिनिटाने. मग लागोपाठ सहा वेळा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा. शेवटचं दोन छत्तीसला.

एकूण एकोणीस वेळा.

आणि प्रत्येक वेळेपुढे कार्डाचं उत्तर. पोचलं.

"वहिनी, दोनशे एकतीसला फोन लावा," तो दारातूनच म्हणाला.

वहिनींनी लावला. वाजत राहिला. त्यांनी गाडी पाठवली आणि तेवढ्यात आजोबांना लावला. आजोबा म्हणाले, "केव्हापासून दाबतोय. दिवा लागतो आणि फोन येत नाही. तुमचंच घड्याळ बंद पडलं की काय?"



गाडीवाल्याचा फोन सव्वातीनला आला. बाई स्वयंपाकघरात ओट्याशी पडल्या होत्या. सिंकचा नळ चालू होता. बटण मुठीत होतं, दिवा हिरवा होता.

"जाऊन फार वेळ नाही झाला," तो म्हणाला. "अंग अजून गरम आहे."

कार्ड एकदा बंद करून चालू केलं की त्याच्या आठवणीतलं सगळं पुसलं जातं. हे वायरमनला माहीत होतं.

त्याने ते बंद केलं. आणि चालू केलं.

रिपोर्टमध्ये 'तांत्रिक अडचण' असे दोन शब्द गेले.  त्या दिवसापासून वहिनींनी त्याला भावजी म्हणणं सोडलं. सर म्हणायला लागल्या.

चौथ्या दिवशी त्या बाईंचा मुलगा बटण परत करायला आला. लांब कुठेतरी नोकरीला होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती," तो म्हणाला. "चौतीस वर्षं. कुणाची घंटी वाजली आणि हिने उत्तर दिलं नाही, असं कधी झालं नाही. घरीसुद्धा आम्ही हाक मारली की आधी 'ऐकतेय' म्हणायची, मग वळायची."

वायरमन मान हलवत राहिला.

"दिवा हिरवा होता म्हणे. म्हणजे तुमच्याकडे पोचलं होतं ना?"

"हो. एकदा आलं. दोन छत्तीसला. आम्ही लगेच गाडी पाठवली."

"एकदाच?"

"एकदाच."

 "मग लगेचच गेली असेल," तो माणूस म्हणाला. "वाट बघत नाही राहिली, तेवढं बरं."

जाताना त्याने वायरमनचा हात हातात घेतला. आभार मानले.

वायरमनने कार्ड काढून टाकलं. पिशवीत घालून टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, वर कुलूप लावलं. जुनी पद्धत परत आली. ऑपरेटरच्या स्क्रीनवर नाव उमटल्याशिवाय 'पोचलं' नाही. चार सेकंद तर चार सेकंद. आता घोळ होणं शक्यच नव्हतं.

पहिला रविवार गेला. दुसरा गेला.

तिसऱ्या रविवारी वहिनी त्याच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"सर, आजोबांना मी आपणहून फोन केला. म्हटलं, हल्ली वेळ विचारत नाही."

"मग?"

"म्हणाले, रोज विचारतो की."

"कुणाला?"

वहिनींनी ओठांवरून जीभ फिरवली. "म्हणाले, दाबलं की दिवा पटकन लागतो. बोटाखालीच. आणि त्या दुसऱ्या बाई वेळ सांगतात."

वायरमनने नोंदी काढल्या. तीन आठवड्यांत आजोबांकडून एकही निरोप आला नव्हता.

त्याने बाहेरून येणारी तार लॅपटॉपला जोडली आणि बसून राहिला. तारेवरून जाणारं बोलणं जसंच्या तसं स्क्रीनवर उमटत होतं. दोन वाजले. सव्वादोन झाले. मग आजोबांच्या बटणाचा निरोप आला. हे घे.

कॉम्प्युटरपर्यंत तो गेलाच नाही. त्याच्या आधीच उत्तर निघालं होतं. पोचलं.

कुठून?

प्रत्येक कार्डाला कारखान्यातच एक नंबर दिलेला असतो. जगात तो दुसऱ्या कुणाचा नसतो. उत्तरापुढे तो नंबर होता. वायरमनने वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

तो नंबर खालच्या ड्रॉवरमध्ये होता.

त्याने कुलूप काढलं. ड्रॉवर ओढला. पिशवी होती तशीच होती. तार नाही, वीज नाही, काही नाही.

आणि पिशवीच्या आत…

बारीक दिवा लुकलुकत होता.

आपण किंचाळलो असतो. तो अठ्ठ्याऐंशी नंबरच्या नोंदी बघायला धावला. आईकडून तीन आठवड्यांत एकही निरोप नव्हता. तेवढ्याने जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. निरोप नव्हता म्हणजे आईने बटण दाबलं नव्हतं, असं आता कुणी सांगावं?

दहा मिनिटांचा रस्ता त्याने चार मिनिटांत कापला.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आईच्या बोलण्याचा आवाज येत होता. हळू, गप्पा मारतात तसा. आई खुर्चीत बसली होती. गळ्यातलं बटण तिने कानाला लावलं होतं.

"कोणाशी बोलतेस?"

"अरे, आलास? या तुझ्या ऑफिसातल्या बाईंशी."

"आई, त्यात बोलायची सोय नाहीये."

"नसेल. मी काय उघडून बघितलंय?" आई म्हणाली. "फार चांगल्या आहेत. दाबलं की लगेच येतात. तुझ्यासारखं 'मीटिंगमध्ये आहे, मग करतो' नाही."

"काय बोलतात?"

"काही नाही. ऐकतेय म्हणतात. मी बोलते, त्या ऐकतात. परवा चक्कर आली तेव्हा अर्धा तास माझ्याबरोबर होत्या."

"चक्कर आली? कधी? मग कुणी आलं का नाही?"

"मी विचारलं. म्हटलं, पाठवताय ना कुणाला? तर म्हणाल्या, पोचलंय हं. सगळं पोचलंय. तुम्ही पडून राहा." आईने बटणाकडे मायेने बघितलं. "मुलगा येतो का विचारत होत्या. म्हटलं, येईल की. तर म्हणाल्या, माझाही यायचा होता."

वायरमनने तिच्या हातून बटण घेतलं आणि कानाला लावलं.

काही नाही.

काही नाही…

मग फार लांबून, सिंकमध्ये नळाचं पाणी पडतं तसा आवाज आला. आणि त्या आवाजाच्या मागे कुणीतरी श्वास घेत होतं. ओढून ओढून. तो श्वास थांबला. जणू इकडे कान लावणारं माणूस बदललंय, हे तिकडे कळलं होतं.

वायरमनने बटण भिंतीवर आपटलं.

त्याच संध्याकाळी त्याने आईला आपल्या घरी आणलं. ती रागावली, रडली, मालकीण-पाहुणी सगळं काढलं. त्याने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन कार्डाचे पक्कडीने तुकडे केले, तुकडे हातोडीने ठेचले. मग त्या बाईंच्या मुलाला फोन लावला आणि सांगितलं. एकोणीस वेळा. एक सतरापासून. मी पुसलं.

 तो माणूस म्हणाला, "हे मला कशाला सांगितलंत?" आणि फोन ठेवला.

मला वाटलं होतं, गोष्ट इथे संपते. चूक कबूल केली, कार्ड फोडलं, आई घरी आली. ऑफिसात बटणं पुन्हा चार सेकंदांनी हिरवी व्हायला लागली. आजोबा पुन्हा वहिनींना वेळ विचारायला लागले. महिना गेला. वायरमनला झोप यायला लागली.

मग तो रविवार आला.

बायको बहिणीकडे, म्हणजे आमच्याकडे आली होती. घरात दोघंच. आई आतल्या खोलीत, वायरमन बाहेर सोफ्यावर, समोर मॅच. दुपारचे दोन वाजून गेले असतील.

आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. मोठा नाही. उशी पडावी तसा.

"आई?" त्याने बसल्या जागेवरून हाक मारली.

"ऐकतेय."

"काय पडलं?"

"काही नाही रे. बघ तू तुझी मॅच."

आईचाच आवाज. तोच हेल, तोच शेवटी बारीक खोकला. त्याने मॅच बघितली. दहा मिनिटं गेली.

"आई, बरी आहेस ना?"

"बरी आहे."

आणखी एक ओव्हर झाली. जाहिराती लागल्या. त्याला चहाची तलफ आली.

"आई, चहा करतोय. घेणार का?"

"टाक अर्धा कप."

त्याने चहा टाकला. उकळला, गाळला. दोन कप घेऊन तो आतल्या खोलीत गेला. मला हे सांगताना तो दरवेळी इथे थांबतो, पाणी पितो, आणि मग पुढे बोलतो.

पलंगावर कोणी नव्हतं.

आई पलंग आणि कपाटाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत पडली होती. एक पाय अंगाखाली दुमडलेला. चेहरा पांढराफटक. डोळे सताड उघडे, दाराकडे लागलेले. तोंड उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं.

आवाज येत नव्हता.

कप कुठे पडले ते त्याला आठवत नाही. तो गुडघ्यांवर बसला, तिचं डोकं मांडीवर घेतलं. आणि त्याच वेळी, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून, खिडकीशी जिथे कुणीच नव्हतं तिथून…

आईच्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "पोचलं हं. पोचलं."

समजावल्यासारखं. मायेने.

खुब्याचं हाड मोडलं होतं, आत रक्तस्राव झाला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर काही सांगता आलं नसतं. ऑपरेशन झालं. आई वाचली. तिसऱ्या दिवशी तिला नीट बोलता यायला लागलं, तेव्हा वायरमन पलंगाशी बसला होता.

"पडले तेव्हाच तू हाक मारलीस," ती म्हणाली. "मी ओ देत होते रे. घशातून फुटतच नव्हता आवाज. आणि ती माझ्या उशाशी बसून तुला उत्तरं देत होती. माझ्याच आवाजात. मला वाटलं, आता तू येत नाहीस."

 वायरमनने विचारलं, "रागावली होती का ती? माझ्यावर?"

आईने मान हलवली. "नाही रे. मला थोपटत होती. म्हणत होती, घाबरू नका, मी केलंय सगळं. त्याला कशाला त्रास."

आता आई घरी आहे. काठी घेऊन चार पावलं टाकते. वायरमनने नोकरी सोडली. दुसरी धरली नाही, शोधतही नाही. दिवसभर हॉल ते आतली खोली अशा फेऱ्या मारतो. मेव्हणी माझ्या बायकोपाशी रडते. म्हणते, आईंना हाक मारायची नाही असा घरात नियम केलाय. काही विचारायचं असेल तर जायचं, समोर उभं राहायचं, तोंड हलताना बघायचं आणि मगच ऐकायचं.

मी त्याला समजावायला फोन करतो. साडूने साडूला समजवावं तेवढं समजावतो, म्हणजे फारसं नाही.

आज दुपारी केला.

"आई कशा आहेत?" मी विचारलं.

"थांब. बघून सांगतो."

"अरे, त्यांच्या बोलण्याचा आवाज मलाही येतोय की मागे. बऱ्या आहेत म्हणतायत."

 फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग त्याच्या चपला वाजल्या, भराभर, हॉलपासून आतपर्यंत. दार उघडलं.

मग त्याचं काहीच ऐकू आलं नाही; मागे आईंचा आवाज तेवढा म्हणत राहिला, बरी आहे, बरी आहे. मी फोन कानाला लावून उभा होतो, आणि तो अजून परत येत नव्हता.